राणी हलकी कशी झाली?

१

अष्टमीच्या सकाळी विशालाक्षीकाकूंनी अशी हाक मारली की वरच्या मजल्यावर माझ्या हातातला दोशाचा तुकडा परत ताटात पडला.

"पावनीऽऽ! खाली ये! राणी गेली!"

मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. बघते तर राणी कुठेच गेली नव्हती, काकूंच्या हातात होती. हिरवी रेशमी साडी, नाकात मोत्याचा ठिपका, गळ्यात मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, इवलीशी माळ. चेहरा मात्र आज जरा रागावल्यासारखा.

"काकू, ही काय राणी!"

"ही आपली राणी नव्हे. धर. तूच बघ."

मी धरली आणि माझा हात आपोआप वर गेला. भरलेला समजून रिकामा तांब्या उचलावा, तसा. राणी हलकी झाली होती!

आता हे किती भयंकर होतं ते सांगते. म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. आम्ही मराठी, पण इथे येऊन सहा पिढ्या झाल्या, त्यामुळे घरात बोलतो मराठी आणि दसरा करतो म्हैसूरचा. बाकीच्या बाहुल्या दरवर्षी बदला, काही बिघडत नाही. पण सगळ्यात वरच्या पायरीचा मान 'पट्टद गोंबे'चा, म्हणजे राजा-राणीच्या लाकडी जोडीचा. ही जोडी आई मुलीला लग्नात देते. काकूंची जोडी त्यांच्या आईची, आणि त्याआधी आईच्या आईची. वीतभर उंच, रक्तचंदनाची. काकूंची मुलगी पूजिताअक्का, तिचं लग्न वैशाखात झालं. जोडी तेव्हाच जायची, पण काकू म्हणाल्या, एक शेवटचा दसरा माझ्याकडे होऊ दे. दशमीला संध्याकाळच्या गाडीने अक्का पुण्याला निघणार होती. जोडी घेऊन.

"काकू, बादली!" मी म्हटलं.

"कशाला गं?"

"रक्तचंदन पाण्यात बुडतं. लाकूड असून बुडतं! बाकीची बहुतेक लाकडं तरंगतात."

गेल्या जूनपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. मग शाळेत रोज सकाळी 'आजचं आश्चर्य' सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, पहिल्या दिवशी मी वहीत तोंड खुपसून वाचलं, दहाव्या दिवशी टाळ्या पडल्या, आणि आता मला गप्प करायला घंटा वाजवावी लागते. माझ्याकडे सध्या एकशे बेचाळीस आश्चर्यं तयार आहेत.

"अय्यो, राणीला पाण्यात बुडवतेस?"

"बुडली तर आपलीच ना!"

साडी उतरवून राणीला बादलीत सोडलं. ती टुणकन वर आली आणि मजेत तरंगत राहिली. राजाला सोडलं. राजा दगडासारखा तळाशी.

काकू मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. "षष्ठीला मी स्वतः पुसली, तेव्हा जड होती. काल सप्तमीला दुपारी दीड वाजता मी नि पूजिता मार्केटला गेलो. चारला आलो. तेवढ्यातच झालं हे." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "हॉलमध्ये एकटी कोण बसली होती ठाऊक आहे ना? ती तुझी मैत्रीण. नाशिकवाली. आणि हे बघ, यांना एक अक्षर कळता कामा नये. बीपी एकशे साठला गेलं होतं मागच्या महिन्यात."

'हे' म्हणजे वासुदेवकाका. पण माझे कान तिथे नव्हतेच. ती नाशिकवाली म्हणजे चैत्राली. आणि चैत्राली म्हणजे माझी अख्ख्या जगातली एकुलती एक जिवलग.

२

चैत्राली शेजारच्या इमारतीत राहते. तिचे बाबा बेळगोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर, दीड वर्षापूर्वी बदलीवर आले. तिचं मराठी कसं, इस्त्री केलेलं. माझं ऐकून ती म्हणते, "तुझ्या मराठीत सगळीकडे सांबार सांडलेलं असतं."

त्या दिवशी मात्र तिने दार उघडलं आणि मला खेचून आत घेतलं. डोळे लाल.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"वरलक्ष्मी आंटींनी आईला सांगितलं. जिन्यात. 'तुमच्या मुलीला विचारा हं एकदा, लहान मुलांकडून होतं असं.' लहान मुलं! मी नववीत आहे!"

वरलक्ष्मी आंटी म्हणजे काकूंच्या समोरच्या घरातल्या. काकूंनी सकाळी नऊला त्यांना 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलं होतं. साडेनऊला ते तीन मजले चढून तारामावशींपर्यंत पोचलं होतं.

तारामावशी, म्हणजे चैत्रालीची आई, आतून आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या अगदी शांत होत्या. "पावनी, तू ये बाळा केव्हाही. पण दशमीपर्यंत हे मिटलं नाही, तर चैत्राली तुमच्या घराची पायरी चढणार नाही. चोर म्हणून बघतील तिथे मी मुलीला पाठवू शकत नाही."

त्या आत गेल्यावर चैत्राली कुजबुजली, "तुझ्याकडे एकशे चाळीस आश्चर्यं आहेत ना? मग शोधून काढ की!"

"एकशे बेचाळीस. सांग, काल काय काय झालं?"

"काय होणार! तीन वाजता आले. काकू नव्हत्या, तू वर झोपली होतीस घोरत."

"मी घोरत नाही!"

"घोरतेस. दार उघडं होतं. बाहुल्यांचं चित्र काढलं वीस मिनिटं आणि आले घरी. राणीला काय, पायरीलासुद्धा हात लावला नाही. आईने बजावलं होतं, दुसऱ्याच्या देवाधर्माला हात लावायचा नाही."

तिने वही उघडली. चित्र अफलातून होतं. राजाच्या मिशीचा एकेक पीळ, राणीच्या साडीचे काठ, गळ्यातली माळ. मी कौतुक केलं, फोनवर त्याचा फोटो घेतला आणि निघाले. पुरावा माझ्या खिशात होता, आणि मी शहाणी त्याला नुसतं छान चित्र समजत होते.

३

पूजिताअक्का बॅग भरत होती. म्हणजे बॅगेत कपडे टाकत होती नि परत काढत होती.

"अक्का, राणी तू घेतलीस का? आधीच पॅक करून?"

"मी?" ती बॅगेवरच बसली आणि तिला एकदम रडू आलं. "पावनी, मला ती जोडी न्यायचीच नाहीये गं. आईची वरची पायरी रिकामी होईल पुढच्या वर्षी. ती बोलत नाही, पण रोज सकाळी उठून त्या दोघांसमोर कॉफी घेऊन बसते. मी पुण्यात ऑफिसला जाणारी, मी कुठे बसणार त्यांच्यासमोर? पण नको म्हटलं तर तिला वाटेल, मुलगी परकी झाली."

"मग घ्यायची नाही म्हणून तू लपवलीस?"

"लपवायची असती तर राजालापण नसतं का लपवलं? आणि तिच्यासारखी दुसरी बाहुली मी कुठून आणू?"

हे बरोबर होतं. मी डोकं खाजवलं. अक्काने डोळे पुसत फोन पुढे केला. "बघ, षष्ठीला आईने पुसली तेव्हाचा फोटो. किती गोड हसते माझी राणी!"

मी बघितलं. खरंच, राणीच्या ओठांचा डावा कोपरा जरासा वर. खूप काहीतरी माहीत असून सांगत नसल्यासारखं हसू.

मी माझा फोन त्याच्या शेजारी धरला. चैत्रालीचं चित्र. राजा तोच, मिशी तीच. पण राणी? राणीचे ओठ सरळ रेषेत, चेहरा रागावलेला!

"अक्काऽऽ! चैत्रालीने तीन वाजता खोटी राणी काढलीये! राजाच्या मिशीचा पीळ चुकला नाही, ती राणीचं हसू चुकेल? ती आली तेव्हा अदलाबदल होऊन गेली होती!"

अक्काने मला मिठी मारली. मग म्हणाली, "आई म्हणेल, चित्रच ते. हसू राहून गेलं असेल. खरा घेणारा सापडल्याशिवाय ती ऐकायची नाही."

हेही बरोबर होतं. म्हणजे आता दीड ते तीन. त्या दीड तासात घरात कोण आलं होतं?

समोर राहून सगळं बघणारं एकच माणूस होतं. वरलक्ष्मी आंटी मराठी शिकल्यात विशालाक्षीकाकूंकडून, आणि त्या ते कन्नड चालीवर म्हणतात. त्यांच्या घरी अकरा पायऱ्या, आमच्याकडे नऊ. या दोन पायऱ्यांवरून गेली वीस वर्षं दोघींचं प्रेमाचं युद्ध चालू आहे.

"एनम्मा, काय गं, माझी चौकशी करायला आलीस?" त्यांनी माझ्या हातात चण्याची उसळ दिली. "माझ्याकडे सतरा राण्या आहेत. एक दिल्लीहून आणलेली आहे, तिला चष्मा आहे. तुमची कशाला घेऊ?"

"तुम्ही घेतली असं नाही म्हणत हो आंटी. पण चैत्रालीचं नाव जिन्यात कुणी घेतलं?"

त्यांनी उसळीचा डाव परत पातेल्यात ठेवला. "सुम्ने बोलून गेले," त्या म्हणाल्या. सुम्ने म्हणजे उगाच. "चुकलंच."

"काल दीड ते तीन कोण आलं आमच्याकडे?"

"कोणी नाही. मी इथेच बसून वाती करत होते. आलं कोणी नाही. गेले फक्त तुझे काका. दोन वाजता, पिशवी घेऊन चालायला. तेवढ्या उन्हात! डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून काय माणसाने भाजून घ्यायचं?"

"आणि खोट्या राणीच्या गळ्यातली ही माळ?" मी ती खिशातून काढली. "तुमची आहे का?"

त्यांनी माळ बोटांवर घेऊन फिरवली. "माझी नाही. मी बाजारात माराने, हाताच्या मापाने, घेते, ती दोऱ्यात बांधलेली असते. ही बघ, केळीच्या सोपटाच्या नारेत, म्हणजे तंतूत, बांधलीये, ओली करून. घरची माळ आहे ही. आणि गाठी काय सुबक!"

मी उसळ खात विचार करत बसले. चोर, जो खोटी राणी ठेवतो, तिला साडी नेसवतो, निऱ्या काढतो, आणि वर घरी बांधलेली ताजी माळ घालतो. हा कसला चोर? याला तर राणी आवडते!

४

नवमीला आयुधपूजा. आमच्या गल्लीत सगळ्या स्कूटर नवऱ्या मुलासारख्या नटून उभ्या होत्या. चाकांखाली लिंबं, हँडलला झेंडूच्या माळा. मिक्सर, शिवणयंत्र, काकांचं बीपी मोजायचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. पूजेला ठेवलेलं अवजार दशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, म्हणून त्या दिवशी चटणीसुद्धा नाही. सूट फक्त बीपीच्या मशीनला.

काकू मागच्या अंगणात गुडघा धरून बसल्या होत्या. "चालून चालून सुजलाय. रक्तचंदनाचं खोड सापडेना. उगाळून लेप लावला असता तर उतरली असती सूज. सासूबाईंचं खोड, एवढं मुसळासारखं जाड, कुठे जाईल? या घरात हल्ली काही जागेवर राहत नाही."

मी त्यांच्याशी बोलत होते, पण नजर वाळत घातलेल्या कपड्यांवर होती. काकांच्या पांढऱ्या पंच्यावर गुडघ्यापाशी तांबडे डाग होते.

"काकू, हे काय?"

"हळद असेल गं. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो. नाहीतर कुंकू."

आश्चर्य क्रमांक एकोणीस! हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते, आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. पुष्कळसं कुंकूसुद्धा हळदीला चुना देऊनच करतात, म्हणजे तेही पिवळं व्हायला हवं. मी धावत जाऊन ताटातलं उरलेलं एक लिंबू उचललं (चाकाखालचं नाही, तेवढी अक्कल आहे मला) आणि डागावर पिळलं.

लाल तो लालच.

"काकू, हे हळदीचं नाही. कुंकवाचंही नसावं."

"मग रक्त आहे का?" काकू घाबरून उठल्या. "पावनी, यांना काही झालंय का? मला सांगत नाहीत का?"

"रक्त नाही हो! रक्त धुतल्यावर तपकिरी दिसतं. हे विटेसारखं लाल आहे."

"त्यांना विचारू नकोस! बीपी!"

मग मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "बाबांना नको विचारूस, बीपी." आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "वासुदेवरावांच्या कानावर नको हं, त्यांचं बीपी." आणि काका स्वतः? ते निवृत्त गणिताचे मास्तर. आतल्या खोलीत बसून बीपीचा आलेख काढत होते आणि दर तासाला आनंदाने ओरडत होते, "एकशे अठ्ठावीस! एकशे सव्वीस!"

दशमी उद्यावर आली होती आणि मी सगळ्यांना विचारून बसले होते. निदान मला तसं वाटत होतं.

५

माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. खोटं वाटेल, पण दिवसभर पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि झोपेत परत फुगतात. आदल्या संध्याकाळी मी काकूंच्या मागच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने माझ्या डोक्याची खूण करून ठेवली होती. दशमीच्या सकाळी सहाला अंथरुणातून उठून थेट तिथे गेले. टाचा टेकवल्या, डोक्यावर पट्टी धरली. चक्क वर!

ओरडणारच होते. तेवढ्यात अंगणात काका दिसले.

धुण्याच्या दगडावर बसले होते. पायाच्या अंगठ्यात केळीच्या सोपटाची ओली नार अडकवलेली, मांडीवर मल्लिगेच्या कळ्या, आणि बोटं अशी चाललेली की बघत राहावं. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, गाठ. रोज देवाला जी माळ असते ती बाजारातून येते, असं मी पंधरा वर्षं समजत होते, कारण पंधरा वर्षांत मी कधी सहाला उठलेच नव्हते!

माझ्या डोक्यात सगळ्या गोष्टी एकदम बोलायला लागल्या. घरची माळ. दोन वाजता पिशवी घेऊन गेलेले काका. हरवलेलं रक्तचंदनाचं खोड. लिंबालाही न बधणारा तांबडा डाग, म्हणजे रक्तचंदनाचा भुसा! आणि आख्ख्या घरात ज्याला कोणीच काही विचारलं नव्हतं असं एकच माणूस.

मी समोर जाऊन उभी राहिले. "काका, राणी कुठाय?"

कळ्या मांडीवरून सांडल्या. काकांनी आत बघितलं, मग मला जवळ बोलावलं. "हळू! तुझ्या काकूला कळता कामा नये. तिच्या मनाला लागेल."

"बोला."

"जोडी गेली की वरची पायरी रिकामी. पूजिताही गेली, बाहुल्याही गेल्या. मग ती सकाळी कॉफी घेऊन कोणासमोर बसणार? माझ्यासमोर? माझं तोंड तिने पस्तीस वर्षं बघितलंय." काका हसले. "म्हणून देवराज मोहल्ल्यातल्या विश्वेश आचारींकडून, तेच लाकूड कोरणारे सुतार, हुबेहूब जोडी करून घ्यायची ठरवली. फोटोवरून. राजा पहिल्या फटक्यात जमला. राजाचं काय, मिशी काढली की राजा! राणी मात्र हसेना. आचारी म्हणाले, हे लाकूड हलकं, खेळण्यांचं. चांगलं लाकूड द्या आणि मूळ राणी समोर बसवा. मग महिन्यापूर्वी आईचं खोड दिलं, त्याची राणी घडली, शेवटी हसू जुळवायला सप्तमीला आपली राणी नेली, आणि पहिली फसलेली राणी दोन दिवसांपुरती तिच्या जागी ठेवली. महिनाभर रोज जाऊन आचारींशेजारी मांडी घालून बसायचो, राणी नीट घडतेय का बघायला."

"दोन दिवस? आज दशमी आहे!"

"अगं, अष्टमीला आणायला गेलो, तर आचारींनी आयुधपूजेची मांडणी करून टाकलेली! पटाशी, हातोडी, आणि मध्ये दोन्ही राण्या! म्हणतात, पूजेला बसवलेलं दशमीशिवाय उठवणार नाही. मी तरी काय बोलणार? पण कोणाच्या लक्षात आलं नाही ना?"

"काका," मी म्हणाले, "सगळ्यांच्या लक्षात आलंय. आणि सगळे चैत्रालीला चोर समजतायत."

काकांचा चेहरा पडला. इतका की मी धावत जाऊन मशीन आणलं, कुंकवासकट. त्यांनी ते बाजूला सारलं. "मला का नाही कोणी सांगितलं?"

"तुमचं बीपी वाढेल म्हणून!"

"अरे, साकु, पुरे झालं त्या बीपीचं आता! पोरीच्या नावाला डाग लागलाय आणि मी इथे आलेख काढत बसलोय? स्कूटर काढतो. चल!"

६

विश्वेश आचारींचं दुकान म्हणजे सराफांच्या दुकानांमागे एका बोळात दोन माणसं मावतील एवढी जागा. आम्ही पोचलो तेव्हा ते नुकतीच आरती करत होते. अवजारांच्या मधोमध, झेंडूच्या ढिगात, दोन राण्या शेजारी शेजारी. दोघींच्या कपाळाला कुंकू, दोघींच्या ओठांचा डावा कोपरा वर.

"आचारी, आमची मूळची द्या लवकर," काका म्हणाले.

आचारी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. चेहऱ्यावर असा आनंद, जसा पहिला नंबर आलेल्या मुलाच्या. "ओळखा सर! महिनाभर तेल पाजून जुनी केलीये खोडाची. तुम्हीच ओळखा!"

काकांनी एक उचलली, मग दुसरी. चष्मा काढला, घातला. "पावनी?"

मी तत्परतेने बादली मागितली. पहिली राणी सोडली. बुडाली. दुसरी सोडली. तीही बुडाली.

अर्थातच! दोन्ही रक्तचंदनाच्याच होत्या. माझं इतकं लाडकं आश्चर्य, आणि ऐन वेळी पाण्यात.

"बरं आचारी, हरलो. सांगा आता."

आचारींनी दोघींना पुसलं. या हातात घेतली, त्या हातात घेतली. आणि हळूहळू त्यांचा तो पहिल्या नंबरचा आनंद मावळत गेला. "सर... मी डावीकडे ठेवली होती. पण बायकोने हार घालताना..."

७

आम्ही दोन्ही राण्या आणि नवा राजा घेऊन घरी आलो. काकू, अक्का, आंटी हॉलमध्ये बसल्या होत्या. काकांनी पिशवी मांडली, बायकोसमोर उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखं सगळं सांगून टाकलं.

काकूंनी पिशवी पुढे ओढली आणि दोन्ही राण्या मांडीवर घेतल्या. मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचं खोड दिलंत!"

"त्याची राणी झाली ना, विशालाक्षी."

"आता ओळखायची कशी ते सांगा," अक्का म्हणाली. "मी पुण्याला नवी नेली आणि जुनी इथे राहिली तर?"

काकूंनी एक राणी उजव्या हातात घेतली. डोळे मिटले. अंगठा राणीच्या पाठीवरून फिरवला, अगदी सावकाश. ठेवली. दुसरी घेतली. अंगठा पाठीवर, कमरेच्या जरा वर, आपोआप थांबला.

"ही. इथे खळगा आहे. बघ पूजिता, तुझा अंगठा ठेव. माझ्या आईचा, आजीचा, माझा, सगळ्यांचा अंगठा इथेच पडायचा उचलताना. एवढं लाकूड झिजलंय."

अक्काने अंगठा ठेवला. तो नेमका बसला. मग राणी तिने खाली ठेवलीच नाही.

मी म्हटलं, "काकू, अजून एक बाकी आहे."

"ठाऊक आहे मला," काकू उठल्या. गुडघा सुजलेला असून उठल्या. देवघरातून बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, पानांचं तबक घेतलं. आंटीही मागोमाग निघाल्या. "मी पण येते. जिन्यात बोलले होते, जिन्यातच माफी मागेन."

तीन मजले. काकू प्रत्येक वळणावर थांबत होत्या, पण परतूया म्हणाल्या नाहीत. दार तारामावशींनी उघडलं. तोच शांत चेहरा.

"चैत्रालीला बोलवा," काकू म्हणाल्या. चैत्राली आली, आईच्या जरा मागे उभी राहिली. "बाळ, मी तुझ्यावर संशय घेतला. तुला विचारायचं सोडून तुझ्यामागे बोलले. माझी चूक झाली. तुझ्या आईसमोर सांगते, आणि खाली जाऊन गल्लीतही सांगेन."

"मी तर सांगायला सुरुवातपण केली," आंटी घाईने म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावर दोघींना सांगून आले."

चैत्रालीला हसू फुटलं. तिने आईकडे बघितलं. तारामावशींचे डोळे भरले होते, पण त्या आत गेल्या आणि आपलंही तबक घेऊन आल्या. आपट्याची पानं! म्हणजे खरं तर ती कांचनाची होती, दोन्ही पानं दिसायला सारखीच, मधोमध दुभंगलेली, आणि पुष्कळ लोक एकाला दुसरं समजतात. सांगायला तोंड उघडलंच होतं, पण चैत्रालीने माझ्या पायावर पाय दिला.

काकूंनी बन्नीचं पान पुढे केलं आणि इथल्या रीतीप्रमाणे कन्नडमध्ये म्हणाल्या, "बन्नी तगोंडु, बंगारदांगे इरोण."

त्याच क्षणी तारामावशी म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

दोघी थांबल्या.

"काय म्हणाल्या त्या?" तारामावशींनी मला विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच!" मी जवळजवळ नाचत सांगितलं. "बन्नी घ्या, सोन्यासारखं राहू या. वेगळं झाड, वेगळी भाषा, तेच वाक्य! मावशी, आश्चर्य क्रमांक एकशे त्रेचाळीस!"

तारामावशी हसल्या आणि त्यांनी काकूंना आत घेतलं. काकू मात्र टेकल्या नाहीत. "बसायला पुन्हा येईन. पूजिताची गाडी आहे. त्याआधी राजा-राणीला झोपवायचं असतं दशमीला. चैत्राली, नव्या राणीला तू झोपव. चल."

"मी? हात लावून?"

तिने आईकडे बघितलं. तारामावशींनी होकारार्थी मान हलवली.

आमच्या हॉलमध्ये अक्काने जुन्या जोडीला मऊ कापडात गुंडाळून बॅगेत ठेवलं. वरच्या पायरीवर नवी जोडी बसली होती. चैत्रालीने दोन्ही हातांनी राणीला उचललं, श्वास रोखून आडवं केलं, आणि तिच्या अंगावर रेशमी रुमाल पांघरला. मग कुजबुजत विचारलं, "काकू, ही किती दिवस झोपते?"

"पुढच्या दसऱ्यापर्यंत."

"आणि मग उठवतं कोण?"

"जिने झोपवली ती," काकू म्हणाल्या. "पुढच्या घटस्थापनेला सकाळी सातला ये. उशीर केलास तर मी वर येऊन हाक मारीन. तीन मजले चढून."